सकाळचा पेला

६ ऑगस्ट २००७, सोमवार

डायरी लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. असा माणूस एकतर मोठा असतो किंवा रिकामटेकडा. मी दोन्ही नाही. मी पोटाचा रोगी आहे आणि ही वही मला डॉक्टरांनी लिहायला लावली आहे. रोज काय खाल्लं आणि नंतर काय झालं ते लिहायचं. वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर मळमळावं अशी सोय.

रोगाचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. एक नळी वरून आणि एक खालून घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आतडं चांगलं आहे, फक्त चिडकं आहे." शनिवार पेठेत जन्मलेलं आतडं दुसरं कसं असणार! त्याला कुठला तरी पदार्थ चिडवतो म्हणे. तो शोधायचा. एकेक पदार्थ बंद करून बघायचा.

मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमचा लीड आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, तेव्हा हे जमायला हवं. अडचण एकच आहे. कंपनीची बस मला महापालिकेपाशी घेते आणि विद्यापीठ चौक आला की माझ्या पोटात गुरगुरायला लागतं. पुढे हिंजवडीपर्यंत ट्रॅफिक असतं आणि संडास नसतो. मी खिडकीच्या गजाला धरून घाम गाळत बसतो. शेजारचे झोपलेले असतात, तोंडं उघडी टाकून.

आजचं खाणं. सकाळी काही नाही, आईने दिलेलं दूध-तूप घेऊन निघालो. दुपारी कँटीनचे छोले, त्यावर तेलाचा तवंग, तवंगावर कोथिंबिरीचं एक कुजकं पान. रात्री वरणभात. परिणाम: वाईट. संशयित: छोले.

९ ऑगस्ट, गुरुवार

छोले बंद. कांदा बंद. लसूण बंद. परिणाम तोच.

कँटीनमध्ये समोर वैजनाथ बसतो. माझ्याच टीममधला, वाशीमकडचा. त्याचा डबा उघडला की लसणाचा असा भपकारा येतो की शेजारच्या टेबलावरचे लोक वर बघतात. वर तो बुक्कीने कांदा फोडतो. कंपनीच्या टेबलावर! "सर, घ्या ना," म्हणतो. मी नुसता भात चिवडत त्याच्याकडे बघतो आणि माझं पोट त्याच्या वासानेच बिघडतं असं मला खात्रीने वाटतं.

१९ ऑगस्ट, रविवार

सुट्टी. पोट शांत. म्हणजे तीन-चारदा जावं लागलं, पण घरच्या घरी. ते कोण मोजतं?

घरी भांडण मात्र झालं. आमच्या घरात माणसं तीन आणि संडास एक. बायको ऋचा, आई आणि मी. मला घाई असते नेमकी तेव्हाच आई आत असते. एकदा गेली की तिचा मुक्कामच. वडील होते तेव्हाही हे असंच होतं. ते बाहेर पेपर वाचत खाकरत बसायचे. आज मी दार वाजवलं. आई आतून म्हणाली, "जग बुडत नाहीये." माझं बुडत होतं. म्हातारपणी माणसाला स्वतःशिवाय कोणी दिसत नाही, असं मी ऋचाला म्हणालो. ऋचा म्हणाली, "मला दोघंही दिसता."

२९ ऑगस्ट, बुधवार

आज झालं ते लिहायचं नाही असं ठरवून वही उघडली आहे.

चहासुद्धा सोडला होता. काल दिवसभर मऊ भात आणि मीठ, आजारी मांजरासारखं. सकाळी आई म्हणाली, "रिकाम्या पोटी गाडीत बसू नये," आणि पेला भरून म्हशीचं गरम दूध पुढे केलं, वर एक चमचा तूप. ते घेतलं, कारण आधार हवाच. आणि विद्यापीठ चौकात पोटात जो पिळा आला, तो काही आता हिंजवडीपर्यंत थांबणारा नव्हता.

मी ड्रायव्हरपाशी गेलो. दशरथ त्याचं नाव. म्हटलं, "दार उघडा." तो म्हणाला, "सायेब, हितं स्टॉप न्हाई." म्हटलं, "मला स्टॉप नकोय." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने दार उघडलं.

पेट्रोल पंपाच्या मागे एक पत्र्याचं दार होतं. कडी नाही, म्हणून एक पाय दाराला लावून बसायचं. नळाला पाणी नाही. ऑइलच्या जुन्या डब्यात कोणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं पाणी, त्यावर डास. भिंतीवर लोकांनी आपली नावं लिहून ठेवली होती, त्यांनाही तिथे बसून साहित्य सुचलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि ते लोंबतंय म्हणून मी ते दातात धरलं होतं. माणूस म्हणून याच्या खाली मला जाता येईल असं वाटत नाही.

बाहेर आलो तर बस पुढे कडेला थांबलेली. दशरथने थांबवून ठेवली होती. आत सगळे आपापल्या मोबाइलमध्ये इतके गढून गेले होते की त्यांनी मला पाहिलंय हे अगदी लख्ख दिसत होतं. वैजनाथने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही. तिच्या तोंडाला लसणाचा वास असणार.

४ सप्टेंबर, मंगळवार

पूर्णिमा माझी मॅनेजर. माझ्याहून लहान आहे आणि बोलते फार गोड. म्हणाली, "श्रीनिवास, मॉर्निंग कॉलला क्लायंट तुझी वाट बघतो. मेडिकल इश्यू असेल तर आय अंडरस्टँड. पण दसऱ्यापर्यंत हे सेटल व्हायला हवं, नाहीतर लीड मला दुसऱ्याला द्यावी लागेल."

घरी सांगितलं. ऋचाने लगेच टेबलावर वाकडच्या एका इमारतीचा रंगीत कागद ठेवला. ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर, बसची गरज नाही. दसऱ्याला बुकिंग. मी आईकडे पाहिलं.

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी इथून कुठे हलायची नाही."

"एकटी राहशील?"

"इथे माझी सोय आहे."

सोय! हट्टाला तिने ठेवलेलं नाव. सत्तरीला टेकलेल्या आईला पेठेत एकटीला टाकून पोरगा वाकडला गेला, असं खालच्या मजल्यावरचे तात्याराव जन्मभर ऐकवतील, आणि मला त्यावर बोलायला जागा नसेल. खरं सांगायचं तर तात्यारावांचं काही नाही. मलाच तिला टाकून जायचं नाही. पण नोकरी गेली तर इथे राहून तरी काय करणार? मला तो पदार्थ दसऱ्याच्या आत सापडला पाहिजे.

१६ सप्टेंबर, रविवार

गणपतीच्या गडबडीत देवरुखहून दत्तूमामाचा फोन. आईचा धाकटा भाऊ. दर वर्षीचंच बोलणं: "ताई, या भाऊबीजेला तरी ये. मला आता प्रवास होत नाही." आणि आईचं दर वर्षीचं उत्तर: "अरे, मला गाडी लागते."

आईला गाडी लागते हे मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. लग्नाला जायचं नाही, यात्रेला जायचं नाही, कार्यालयात गेलीच तर मागच्या दारापाशी खुर्ची घ्यायची, पर्समध्ये ओव्याची पुडी आणि घास न खाता परत. देवरुखची आजी गेली तेव्हा तीन दिवस निरोप येत होते. वडील गाडी करून द्यायला तयार होते. आई गेली नाही. "मला गाडी लागते," एवढंच म्हणाली आणि देवघरात जाऊन बसली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला तिची किळस आली होती. उलटीच्या भीतीने आईचं शेवटचं तोंड न बघणारी बाई आपली आई आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही.

वांगं, तूरडाळ आणि हिरवी मिरची बंद. परिणाम तोच. आता माझ्या ताटात जे उरलं आहे त्याला कावळाही शिवणार नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार

रिलीजचा आठवडा. पहाटेपासून काम, म्हणून पूर्णिमाच्या हुकमाने मी सोमवारपासून वैजनाथच्या फ्लॅटवर राहतो आहे. ऑफिसच्या मागेच. तिथे विदर्भातली तीन पोरं राहतात.

त्या जागेचं वर्णन करायला मला हातमोजे लागतील. सिंकमध्ये कढई आहे आणि कढईत बुरशीचा गालिचा. सोफ्यावर मोजे, मोज्यांवर टॉवेल. फ्रीजमधलं दूध दह्यापलीकडच्या अवस्थेला गेलेलं, म्हणून चहा कोरा. जेवायला ज्वारीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि ठेचा. ठेच्यात मिरची किती आणि लसूण किती हे विचारायचं धैर्य झालं नाही. माझ्या यादीतले सगळे आरोपी एका ताटात बसले होते.

"घ्या ना जी अजून," वैजनाथ म्हणाला. "काही होत नाही तुम्हाले."

भूक होती, खाल्लं. आणि मग वाट बघत बसलो. सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी झालं नाही. आज सकाळी एकदा गेलो, शहाण्या माणसासारखा, आणि बाहेर आलो. अपमान झाल्यासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आजही काही नाही. उलगडा झाला. पदार्थ नव्हताच, बस होती! बसच्या धास्तीने पोट बिघडतं. बस नाही तर रोग नाही. म्हणजे वाकड. ऋचाला फोन करून सांगितलं, दसऱ्याला बुकिंग करू. ती खूष झाली. मला रडू आलं, ते मी वैजनाथच्या बाथरूममध्ये आटोपलं. साबणाला केस चिकटले होते.

७ ऑक्टोबर, रविवार

काल घरी आलो. "आठवडाभर अरबट-चरबट खाल्लंस," म्हणून आईने सकाळी दुधात तूप दुप्पट घातलं. आजही. दिवसभर मी आत-बाहेर, बाहेर-आत. मी बाहेर आलो की आई आत.

आज बस नव्हती. कँटीन नव्हतं. तेव्हा खुलासा एकच. ठेचा उशिरा पोचला.

हे मी ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, "श्री, तू डॉक्टरांकडे जा. ही वही घेऊन जा."

१३ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांनी वही वाचली. मध्येच हसले, ते मला आवडलं नाही. म्हणाले, "त्या मुलाच्या घरी काय खाल्लंत ते कळलं. काय खाल्लं नाहीत?"

"घरचं काहीच नाही."

"म्हणजे काय काय?"

"वरणभात. पोळी. आईच्या हातचं दूध-तूप."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दूध किती?"

"पेलाभर. रोज सकाळी, निघताना."

"तुम्ही मला सांगितलंत, सकाळी काही खात नाही."

"खात नाहीच. ते दूध आहे."

दूध उपासाला चालतं. दूध आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, देवाला देतात. दूध खाण्यात धरत नाहीत, हे यांना शिकवायला हवं होतं की काय? "दुधाबद्दलचं सगळं खरं असेल," ते म्हणाले, "पण तुमच्या आतड्याला ते सांगितलेलं नाही. एक आठवडा थेंबही घेऊ नका."

घरी येईपर्यंत स्वतःचीच शिसारी आली. मी दुसऱ्याच्या डब्याचा वास घेत महिने घालवले. लसणाला नावं ठेवली, कांद्याला ठेवली, त्या पोराची पाण्याची बाटली नाकारली. आणि चोर आमच्या स्वयंपाकघरात चांदीच्या पेल्यात बसला होता.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आईने पेला पुढे केला. म्हटलं, "नको."

"का?"

"डॉक्टरांनी बंद केलंय."

"दूध?" आई म्हणाली. डॉक्टरांनी श्वास बंद करायला सांगितल्यासारखं तिने विचारलं. पेला हातातच. वडील गेल्यापासून घरात तिची म्हणून राहिलेली कामं थोडी, त्यातलं हे एक. मला ते कळत होतं आणि तरी मी चप्पल घालून निघालो. दारातून मागे पाहिलं तर तो पेला ती स्वतःच पीत होती. दूध टाकून द्यायचं नसतं. तिला नवरात्राचे उपास आहेत, दिवसभर ती दुधावरच आहे.

बस. विद्यापीठ चौक. काही नाही. वाकड गेलं, हिंजवडी आली. मी उतरताना दशरथ म्हणाला, "आज बरं वाटतंय जणू?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, मागे लोक होते.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आज ऑफिसला गेलो नाही.

सकाळी आई आत गेली ती येईना. मला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दारापाशी घाईशिवाय उभा होतो, आणि म्हणून असेल, मला आतलं ऐकू आलं. तो आवाज मला ओळखीचा होता. ते कण्हणं, ते मधेच थांबणं, तो नळ मुद्दाम मोठा सोडणं. मीही नळ सोडतो, बाहेर कळू नये म्हणून.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "आई, तुलाही होतं का?"

नळ बंद झाला. आतून आलं, "जा तू. ऑफिसला उशीर होईल."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून," आई म्हणाली. दार बंदच होतं. समोरासमोर तिने हे कधीच सांगितलं नसतं. "माहेरी दूध कुठलं? पेज असायची. इथे आले, सासूबाईंनी पहिल्या दिवशी पेला हातात दिला. घरचं दुभतं होतं तेव्हा. सुनेने दूध नको म्हणायचं असतं का? मग सवयच झाली. पोट बिघडलं की त्या म्हणायच्या, दूध घे, थंडावा येईल."

"आणि गाडी लागते म्हणायचीस ते?"

आत बादली सरकवल्याचा आवाज झाला.

"देवरुखला जायला घाट आहे," ती म्हणाली. "एसटी घाटात कुठे थांबते रे? बाईमाणसाने कुठे उतरायचं? तुझे वडील गाडी करून देत होते. शेजारी ड्रायव्हर, मागे दीर. काय सांगायचं त्यांना?"

मी जमिनीवर बसलो. देवरुखच्या आजीचे ते तीन दिवस. देवघरात जाऊन बसलेली ती. तिची किळस येणारा मी. मी एकदा पेट्रोल पंपामागे बसलो तर वहीत दोन पानं रडलो, आणि ही चाळीस वर्षं एका चौकटीच्या आसपास राहिली. तिच्या हट्टाला मी नावं ठेवली, तिच्या मुक्कामाला नावं ठेवली. चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. मला त्या पेल्याची, त्या दुभत्याची, चांगुलपणाने पाजणाऱ्या सगळ्या हातांची शिसारी आली आणि ती अजून गेलेली नाही.

आई बाहेर आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "तात्यारावांना बोलू नकोस."

ऋचाने तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि उपास सोडायला लावला, भाताने. आईने देवीला हात जोडले आणि जेवली.

२१ ऑक्टोबर, रविवार, दसरा

बुकिंग केलं नाही. मी ऋचाला म्हणालो, तुझी निराशा झाली असेल. ती म्हणाली, "मला वाकड नको होतं रे. मला दुसरा संडास हवा होता." मागच्या गॅलरीत काढता येईल का, हे विचारायला उद्या गवंडी बोलावला आहे. लीड माझ्याकडेच राहिली आहे. शुक्रवारी वैजनाथच्या बाटलीतलं पाणी प्यायलो. लसणाचा वास होताच.

आई चार दिवस दुधाशिवाय आहे. आज आपट्याची पानं द्यायला जिना उतरून चार घरं हिंडून आली. प्रत्येक घरी बसली. तात्यारावांकडे आतल्या खोलीत बसली.

११ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज. देवरुख

काल एसटीने आलो. आईला खिडकी दिली. सबंध घाटभर मीच तिच्याकडे बघत होतो, ती बाहेर बघत होती. पर्समध्ये ओव्याची पुडी होती, ती तिने उघडली नाही.

दत्तूमामा काठी टेकत अंगणात उभा होता. आईने त्याची काठी घेतली आणि त्याला हाताला धरून आत नेलं. आईने आजीची खोली बघितली. तिथे आता भाताची पोती आहेत. ती पोत्यांपाशी बराच वेळ उभी राहिली आणि मी बाहेर थांबलो.

आज ओवाळणं झालं. मग मामी आतून पेला घेऊन आल्या. केशर घातलेलं, आटवलेलं दूध. "वन्सं, तुमच्यासाठी मुद्दाम गोठ्यातलं आटवलंय."

आईने पेल्याकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते, मामा, त्याची मुलं, सुना. मला वाटलं, आता ही घेणार. माझा हात पुढे जायला निघाला.

"मला दूध सोसत नाही," आई म्हणाली.

"म्हणजे? कधीपासून?" मामा म्हणाला.

"पहिल्यापासूनच."

"अगं, मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?" आई म्हणाली. मामींनी पेला उचलून आत नेला. आईने पेज मागितली, आणि संपल्यावर आणखी घेतली.